रेव्हिटमधल्या लिंक फाइली एका जागी बसवताना: बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

बेळगावात आता मध्यम आकाराच्या इमारतीची फाइलसुद्धा एकट्याची राहिलेली नाही. आर्किटेक्टचं ऑफिस टिळकवाडीत, स्ट्रक्चरचे सल्लागार कोल्हापुरात, प्लंबिंग-इलेक्ट्रिकलची फाइल हुबळीहून किंवा पुण्याहून येणार, आणि मोजणी करणारा सर्व्हेयर खानापूरकडचा. जो तो आपल्या मशीनवर रेव्हिटमध्ये (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) काम करतो. मग एक दिवस सगळ्या फाइली एकत्र लिंक केल्या, म्हणजे एका फाइलमध्ये बाकीच्या जोडून दाखवल्या, की कॉलम एकीकडे, भिंती दुसरीकडे आणि साइट तर स्क्रीनवर सापडतच नाही. ऑफिसात नवा आलेला मुलगा मूव्ह कमांड घेतो आणि नजरेच्या अंदाजाने फाइल सरकवून बसवतो. दिसायला जुळतं, पण ते जुळणं त्या एका मशीनवरचं असतं. दुसऱ्या दिवशी स्ट्रक्चरवाल्यांनी आपल्याकडे आपली फाइल लिंक केली की तिथे पुन्हा तोच गोंधळ.

त्यामुळे पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ठरवून घ्यायची: जागेचे आकडे (कोऑर्डिनेट्स) कोणत्या फाइलकडून येणार. ती फाइल एकच असावी, आणि बाकी सगळ्यांनी तिच्याकडूनच आकडे घ्यावेत. माझ्या मते ती साइटची वेगळी फाइल असावी, आर्किटेक्टची इमारतीची फाइल नव्हे. इमारतीत रोज बदल होतात, तिच्यावर दहा जणांचा हात फिरतो. साइट फाइल सहसा कोणी उघडत नाही, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

त्याच बैठकीत रेव्हिटची आवृत्तीही ठरवा. नव्या वर्षाच्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, मग कोऑर्डिनेट्सचा प्रश्नच येत नाही.

आधी तीन बिंदू समजून घ्या

रेव्हिटमध्ये शून्य एक नसतो, तीन असतात.

इंटर्नल ओरिजिन हा फाइलचा जन्मजात शून्य. तो हलत नाही, हलवता येत नाही. प्रोजेक्ट बेस पॉइंट (गोलात फुली अशी खूण) हा आपल्या इमारतीचा सोयीचा शून्य, बहुधा ग्रिड (कॉलमच्या आखणीच्या रेषा) ए आणि १ जिथे छेदतात तिथे ठेवतात. सर्व्हे पॉइंट (त्रिकोणाची खूण) हा बाहेरच्या जगातला ओळखीचा बिंदू, म्हणजे सर्व्हेयरने दिलेली पक्की खूण.

गावातल्या गावात आपण ‘मारुतीच्या देवळापासून तिसरं घर’ असं सांगतो आणि भागतं, पण बाहेरून येणाऱ्या पत्राला पूर्ण पत्ता लागतो. बेस पॉइंट हे देवळापासूनचं मोजमाप, सर्व्हे पॉइंट हा पूर्ण पत्ता. पत्ता बदलला म्हणून घर हलत नाही. शेअर्ड कोऑर्डिनेट्सचं (सगळ्या फाइलींनी वापरायच्या एकाच आकड्यांचं) सगळं काम एवढ्यावरच चालतं: मॉडेल आहे तिथेच राहतं, त्याला फक्त पत्ता मिळतो.

आता आकडे बघा. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर आणि ७४.५ अंश पूर्वेला आहे. यूटीएम पद्धतीत (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) हा भाग झोन ४३ उत्तरमध्ये येतो. हा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत पसरलेला आहे, म्हणून निपाणी, चिकोडी, चंदगड, कोल्हापूर, हुबळी, पुणे, सगळं याच झोनमध्ये. राज्याची सीमा ओलांडली तरी आकड्यांची पद्धत बदलत नाही, ही आपल्याकडची एक सोय. या पद्धतीत बेळगाव शहरातल्या प्लॉटचा पूर्वेचा आकडा सुमारे ४ लाख ४६ हजार मीटर येतो आणि उत्तरेचा साडेसतरा लाख मीटरच्या आसपास.

इथेच घोळ सुरू होतो. रेव्हिटला इंटर्नल ओरिजिनपासून सुमारे १६ किलोमीटरच्या आतलं कामच नीट झेपतं. त्यापलीकडे भूमिती गेली की रेषा थरथरतात, हॅच फाटतं, डायमेन्शन लागत नाही. साडेसतराशे किलोमीटरवरची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) ‘इंटर्नल ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन’ने, म्हणजे शून्यावर शून्य ठेवून, आणली तर काय होणार ते उघड आहे.

पायरी १: सर्व्हेयरकडून फाइल घेताना

बरेच सर्व्हेयर आपल्या भल्यासाठी म्हणून डीडब्ल्यूजी शून्यावर सरकवून आणि सरळ फिरवून देतात. त्यांना आधीच सांगावं लागतं.

‘अण्णा, फाइल शून्यावर आणू नका, मशीनमधून आली तशीच द्या.’

‘मागच्या ऑफिसनं तर सरळ करून मागितली होती की.’

‘ते आम्ही इकडे करतो. तुम्ही फक्त दोन पक्क्या खुणांचे आकडे लिहून द्या.’

दोन खुणा का? एका खुणेने जागा कळते, दिशा कळत नाही. आणि खूण पक्की म्हणजे खरोखर पक्की हवी: रस्त्यावरच्या मोरीचा कठडा, शेजारच्या जुन्या कंपाउंडच्या भिंतीचा पाया, असं काहीतरी. प्लॉटच्या कोपऱ्यावर ठेवलेला सुटा जांभ्याचा चिरा ही खूण नव्हे. पहिल्या दिवशी जेसीबी आला की तो चिरा कुठल्या कुठे जातो.

विचारून घ्यायच्या आणखी दोन गोष्टी. पहिली: आकडे यूटीएमचे आहेत की मशीन लावताना मनाने घेतलेले? पुष्कळदा टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) १०००, १०००, १०० असं गृहीत धरून लावलेलं असतं. तसं असलं तरी आपलं काम अडत नाही, मात्र सगळ्यांनी तेच आकडे वापरायला हवेत. दुसरी: उंची कुठून मोजली? बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. जीपीएस यंत्राने थेट दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, आपल्या भागात या दोहोंत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. तेव्हा फाइलमध्ये ६७० दिसलं तर दचकू नका, पण तसंच वापरूही नका. सर्व्हेयरला विचारा.

पायरी २: डीडब्ल्यूजी तपासा, मगच लिंक करा

आपल्याकडे एकाच प्लॉटची तीन मापं फिरत असतात. विकणारा फुटात बोलतो, ३० बाय ४०. उताऱ्यावर गुंठे असतात. सर्व्हेयर मीटरमध्ये मोजतो आणि आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये काढतो. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ३० बाय ४० म्हणजे १२०० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याहून थोडा जास्त. हे डोक्यात पक्कं असलं की चूक लगेच कळते.

ऑटोकॅडमध्ये फाइल उघडून प्लॉटची एक बाजू आणि कर्ण मोजा. ३० बाय ४० चा काटकोनी प्लॉट मीटरमध्ये ९.१४४ बाय १२.१९२ येतो आणि त्याचा कर्ण १५.२४० मीटर, म्हणजे बरोबर ५० फूट. मेस्त्री दोरीने काटकोन काढतात तेच ३-४-५. कर्ण १५.२४ च्या ऐवजी १५.६ आला तर प्लॉट काटकोनी नाही. हे आत्ता कळलेलं बरं, ग्रिड टाकून झाल्यावर नको.

युनिट्स कमांडमध्ये फाइलचं एकक मीटर आहे का तेही बघा. रेषा मीटरमध्ये काढलेल्या आणि एकक मात्र मिलिमीटर लिहिलेलं, असं सर्रास सापडतं. रेव्हिट त्या एककावर विश्वास ठेवतं आणि अख्खा प्लॉट हजार पटीने लहान करून टाकतं. म्हणजे बारा मीटरची बाजू बारा मिलिमीटर! शंका असेल तर लिंक करताना एकक ‘ऑटो-डिटेक्ट’वर न सोडता हाताने मीटर निवडा.

पायरी ३: साइट फाइल आणि अ‍ॅक्वायर कोऑर्डिनेट्स

ही पायरी सावकाश करा. इथे घाई झाली तर पुढचं सगळं तिरकं जातं.

नवी रेव्हिट फाइल घ्या, तिचं नाव साइट. इन्सर्ट टॅबमधून ‘लिंक कॅड’ घ्या. इम्पोर्ट कॅड नको, लिंकच. पोझिशनिंगमध्ये ‘ऑटो - सेंटर टू सेंटर’ निवडा. आकडे मोठे आहेत म्हणून मुद्दाम तसं करायचं, म्हणजे प्लॉट इंटर्नल ओरिजिनच्या जवळ येऊन पडतो.

आता डीडब्ल्यूजी सरकवा. होय, आत्ता सरकवायची, कारण अजून कोणालाच पत्ता दिलेला नाही. प्लॉटचा जो कोपरा सोयीचा आहे तो इंटर्नल ओरिजिनवर आणा आणि इमारतीची मुख्य भिंत स्क्रीनवर आडवी येईल अशी डीडब्ल्यूजी फिरवा. लिंकला पिन लागलेली असेल तर आधी काढा.

मग उंची. बहुतेक डीडब्ल्यूजी सपाट असतात, सगळं शून्यावर. समजा प्लिंथची पातळी समुद्रसपाटीपासून ७५२.३५० मीटर ठरली आहे आणि तुमच्या फाइलमध्ये प्लिंथ म्हणजे ०.००० आहे. तर डीडब्ल्यूजीची लिंक निवडून प्रॉपर्टीजमध्ये तिचं बेस ऑफसेट उणे ७५२.३५० करा. वाचायला विचित्र वाटतं, पण हिशेब सरळ आहे: डीडब्ल्यूजीचा शून्य म्हणजे समुद्रसपाटी, आणि ती तुमच्या प्लिंथच्या तेवढी खाली आहे.

एवढं झालं की मॅनेज टॅब, प्रोजेक्ट लोकेशन, कोऑर्डिनेट्स, ‘अ‍ॅक्वायर कोऑर्डिनेट्स’ आणि डीडब्ल्यूजीवर एक क्लिक. डीडब्ल्यूजीची उत्तर दिशा आता फाइलची ट्रू नॉर्थ झाली आणि तिचे आकडे हे फाइलचे शेअर्ड आकडे झाले.

यानंतर सर्व्हे पॉइंट डीडब्ल्यूजीच्या शून्यावर जाऊन बसतो, म्हणजे साडेसतराशे किलोमीटर दक्षिणेला. झूम एक्स्टेंट्स केलं की प्लॉट ठिपक्याएवढा दिसतो आणि नवखे घाबरतात. सर्व्हे पॉइंट निवडा, त्याच्या शेजारी पेपरक्लिपची खूण दिसेल. ती क्लिप काढा, बिंदू सर्व्हेयरच्या पक्क्या खुणेवर आणून ठेवा, क्लिप परत लावा आणि पिन करा.

या क्लिपकडे जरा नीट बघा. क्लिप काढून बिंदू हलवला तर फक्त खूण हलते, आकडे तेच राहतात. क्लिप लावलेली असताना हलवला तर अख्खी शेअर्ड पद्धत त्याच्याबरोबर सरकते, आणि इमारतीचा पत्ता बदलतो. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं.

डीडब्ल्यूजी मिळालीच नाही, हातात फक्त एका कोपऱ्याचे आकडे आणि दिशेचा कोन आहे, असंही होतं. तेव्हा त्याच मेनूतलं ‘स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स अ‍ॅट पॉइंट’ वापरा: कोपऱ्यावर क्लिक करा, उत्तर, पूर्व, उंची आणि कोन भरा. फक्त तो कोन मोबाइलच्या कंपासवरून घेतलेला नसावा. वास्तुवाले घेतात, घेऊ द्या. चुंबकीय उत्तर वेगळी असते, आणि लोखंडी गेटजवळ उभं राहिलं तर आणखीच वेगळी.

ट्रू नॉर्थवरून एक बारीक गोष्ट. यूटीएमची ग्रिड उत्तर आणि भूगोलाची खरी उत्तर बेळगावात अगदी जुळत नाहीत, साधारण ०.१४ अंशाचा फरक पडतो, कारण झोनची मध्यरेषा ७५ अंशावर आहे आणि आपण तिच्या अर्धा अंश पश्चिमेला. सूर्यप्रकाशाच्या अभ्यासाला हा फरक नगण्य आहे. पण एका फाइलने ग्रिड उत्तर घेतली आणि दुसरीने खरी, तर १०० मीटरवर सुमारे २४ सेंटिमीटर सरक दिसते. अंतराचंही तसंच: बेळगावच्या उंचीवर जमिनीवरचे १०० मीटर यूटीएम नकाशावर साडेचार ते पाच सेंटिमीटरने कमी भरतात. ३० बाय ४० ला कोणी विचारणार नाही. उद्यमबागेतल्या लांबलचक शेडला मात्र अँकर बोल्ट बसवताना हे आडवं येतं, म्हणून अशा कामात टेपच्या अंतरावर चालायचं की ग्रिडच्या, हे सर्व्हेयरशी आधी बोलून घ्या.

पायरी ४: इमारतीच्या फाइली

आर्किटेक्टने आपली फाइल इंटर्नल ओरिजिनजवळच सुरू करावी, ग्रिड ए-१ शक्यतो त्याच्यावरच. स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेसवाल्यांनी कोऱ्या फाइलमध्ये आधी आर्किटेक्टची फाइल ‘इंटर्नल ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन’ने लिंक करावी आणि ‘कॉपी/मॉनिटर’ने ग्रिड आणि लेव्हल उचलाव्यात. हाताने पुन्हा ग्रिड काढू नयेत. मॉनिटर केलेलं असेल तर उद्या ग्रिड १०० मिलिमीटरने हलला की रेव्हिट स्वतः सांगतं. फोन करून सांगायची आठवण कोणाला राहत नाही.

पायरी ५: इमारतीला पत्ता देणे

साइट फाइल उघडा आणि इमारतीची फाइल तिच्यात लिंक करा. सेटबॅक (सीमेपासून सोडायची जागा) बघून ती प्लॉटवर नेमक्या जागी सरकवा, फिरवा, उंची जुळवा. मग ‘पब्लिश कोऑर्डिनेट्स’ घेऊन त्या लिंकवर क्लिक करा. साइटचे आकडे इमारतीच्या फाइलमध्ये लिहिले जातात.

अ‍ॅक्वायर आणि पब्लिश यांत नवखे नेहमी गोंधळतात. अ‍ॅक्वायर म्हणजे मी लिंककडून घेतो, पब्लिश म्हणजे मी लिंकला देतो. पब्लिश दुसऱ्याच्या फाइलमध्ये लिहितं, म्हणून त्या वेळी ती फाइल कोणाकडे उघडी नसावी आणि फाइलच्या मालकाला माहीत असावं. स्ट्रक्चरवाले कोल्हापुरात असतील तर त्यांच्या फाइलवर इथून पब्लिश करत बसण्यापेक्षा त्यांना पत्ता मिळालेली आर्किटेक्टची फाइल पाठवा. त्यांच्याकडे आर्किटेक्टची फाइल आधीच योग्य जागी लिंक आहे, तिच्यावरून त्यांनी अ‍ॅक्वायर करायचं. एका मिनिटाचं काम.

वडगाव-येळ्ळूर रस्त्याकडच्या एखाद्या लेआउटमध्ये एकाच नमुन्याची सहा रो-हाउस असतील तर सहा फाइली करू नका. एकच फाइल सहा वेळा लिंक करा आणि पब्लिश करताना प्रत्येक प्रतीला वेगळं लोकेशन नाव द्या, प्लॉट १, प्लॉट २ असं. पुढे हवी ती जागा त्या नावाने उचलता येते.

पायरी ६: यापुढे फक्त बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स

आता कोणीही कोणाची फाइल लिंक करताना ‘ऑटो - बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स’ निवडायचं आणि लिंक लगेच पिन करायची. दोन फाइलींचे आकडे एकमेकींशी बांधलेले नसतील तर रेव्हिट तसा इशारा देतं आणि मग आपल्या पद्धतीने फाइल कुठेतरी बसवतं. तो इशारा न वाचता ओके दाबायची सवय फार वाईट. तिथेच थांबा, लिंक काढा, आणि कोणाच्या फाइलमध्ये अ‍ॅक्वायर राहिलंय ते शोधा. लिंक निवडल्यावर प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअर्ड साइट’ अशी ओळ असते. तिथे ‘नॉट शेअर्ड’ दिसलं तर उत्तर मिळालंच.

दुसरा एक सापळा असा: चुकून लिंक हलली आणि तुम्ही सेव्ह केलं, की ‘लोकेशन पोझिशन चेंज्ड’ अशी खिडकी उघडते. त्यात नवी जागा लिंकमध्ये सेव्ह करू का, नको, की शेअर्ड संबंधच तोडू, असे तीन पर्याय येतात. सेव्ह म्हटलं तर तुमचा धक्का समोरच्याच्या मूळ फाइलमध्ये जातो आणि तिथून सगळ्यांकडे. खात्री नसेल तर ‘डू नॉट सेव्ह’, आणि मग अनडू.

पायरी ७: तपासणी

प्रत्येक फाइलमध्ये तोच एक बिंदू घ्या, ग्रिड ए-१, प्लिंथवर. ‘रिपोर्ट शेअर्ड कोऑर्डिनेट्स’ने किंवा स्पॉट कोऑर्डिनेटने आकडे वाचा. स्पॉट कोऑर्डिनेटच्या टाइपमध्ये ओरिजिन सर्व्हे पॉइंटवर असावं, नाहीतर ते आपल्या बेस पॉइंटपासूनचे आकडे दाखवत राहील आणि तुम्ही उगाच चूक शोधत बसाल. समजा आर्किटेक्टकडे पूर्व ४४६३१२.४८०, उत्तर १७५१२०५.११५, उंची ७५२.३५० आलं, तर बाकीच्या फाइलींतही शेवटच्या मिलिमीटरपर्यंत तेच यायला हवं. ‘जवळजवळ तेच’ आलं तर कोणीतरी हाताने बसवलंय असं समजा.

उंची ७५२ ऐवजी ० दिसली तर घाबरू नका. लेव्हलच्या टाइपमध्ये ‘एलिव्हेशन बेस’ बघा. तो बेस पॉइंटवर असेल तर प्लिंथ ०.००० दिसते, सर्व्हे पॉइंटवर केला की ७५२.३५०. घराच्या ड्रॉइंगवर ०.०००च बरं, मेस्त्रीला तेच कळतं. साइट प्लॅनवर आणि गटारीच्या उतारावर मात्र समुद्रसपाटीची उंची लागते, कारण रस्त्यावरच्या गटारीची पातळी तशीच येते. आपल्याकडच्या पावसात हा हिशेब चुकला तर पाणी बाहेर जायच्या ऐवजी पार्किंगमध्ये येतं.

पायरी ८: साइटवर परत

पाया आखायच्या वेळी सर्व्हेयरला डीडब्ल्यूजी द्यावी लागते. एक्स्पोर्ट सेटअपमध्ये ‘युनिट्स अँड कोऑर्डिनेट्स’ टॅब असतो, तिथे कोऑर्डिनेट सिस्टिम ‘शेअर्ड’ करा आणि एकक मीटर ठेवा. ‘प्रोजेक्ट इंटर्नल’वर राहिलं तर त्याच्या मशीनला ते आकडे काहीच सांगत नाहीत. डीडब्ल्यूजी मिळाल्यावर त्याने ती आपल्या मूळ मोजणीवर ठेवून बघावी. प्लॉटच्या सीमारेषा एकमेकींवर बसल्या की पुढे आखणीला हात घालायचा.

सोबत कॉलमच्या मध्यांचा एक साधा तक्ता द्या: कॉलम नंबर, पूर्व, उत्तर, फुटिंगच्या तळाची उंची. आखणी झाल्यावर दोन टोकांच्या कॉलममधलं अंतर टेपने मोजून ड्रॉइंगशी ताडून घ्या, आणि मगच खोदाईला हो म्हणा.